पहिली आरोग्य विमा पॉलिसी घेताना: हप्त्याच्या आकड्याआधी काय वाचायचं

२०२२ साली आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. पुण्यातल्या हॉस्पिटलच्या काउंटरवर मला एकच प्रश्न विचारला गेला, "सेमी देऊ की सिंगल?" सेमी, म्हणजे दुसऱ्या पेशंटबरोबरची खोली, दिवसाला तीन हजार, सिंगल पाच हजार. रात्री सोबतीला थांबणाऱ्याला नीट पाठ टेकता यावी म्हणून मी सिंगल म्हणालो. चार दिवसांचे आठ हजार जास्त जातील, जाऊ देत, असा मनातल्या मनात हिशोब केला. पॉलिसी तीन लाखांची होती, बिल त्याच्या आतच बसणार होतं. निवांत होतो.

बिल झालं १,९१,००० रुपये. कंपनीने मंजूर केले १,२९,०००. उरलेले ६२,००० मी कार्ड घासून भरले आणि मग घरी येऊन पॉलिसी पहिल्यांदा वाचली. रूम रेंटची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. पाच हजारांची खोली घेतली की कंपनी फक्त खोलीतला फरक कापत नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं पाचास तीन या प्रमाणात कापते, कारण हॉस्पिटलंसुद्धा हे दर खोलीच्या वर्गाप्रमाणे लावतात. आमचे हे खर्च होते १,२०,०००, त्यातले मिळाले ७२,०००. खोलीच्या २०,००० पैकी १२,०००. औषधं आणि तपासण्यांचे ४५,००० पूर्ण मिळाले, कारण त्यांना ही कात्री लागत नाही. ग्लोव्हज, मास्क, असल्या किरकोळ वस्तूंचे ६,००० मात्र पूर्ण गेले.

यात कोणी फसवलं नव्हतं. सगळं छापलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. तेव्हापासून नातेवाइकांच्या पॉलिसी वाचून देण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं. पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर पॉलिसी घेणाऱ्यांना मी फोनवर जे सांगतो, तेच इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी घरात काय आहे ते बघा

ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल तर तिची प्रत एचआरकडून मागून घ्या. अशा पॉलिसीत बहुतेक वेळा जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, आई-वडीलही बसवता येतात. पण नोकरी सुटली की ती सुटते. चाळिशी-पन्नाशीत, बीपीची गोळी चालू झाल्यावर नवीन पॉलिसी शोधायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून ऑफिसचं कव्हर असलं तरी तब्येत ठणठणीत असतानाच स्वतःची एक पॉलिसी सुरू करून ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. नोकरी सोडताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा मार्गही असतो, त्याची चौकशी राजीनाम्याआधी करा, नंतर नाही.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत योजना एकत्र चालतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं वेगळं कार्ड मिळतं. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. ही कार्डं काढून ठेवाच. मात्र उपचार ठरावीक, हॉस्पिटलंही ठरावीक. तुमच्या घराजवळचं, तुमच्या डॉक्टरांचं हॉस्पिटल त्यात आहे का, हे आजारपण यायच्या आधी विचारून या.

किती रकमेची?

मुंबई-पुण्यात राहत असाल तर माझ्या मते १० लाखांच्या खाली सुरुवात करू नये. एवढा हप्ता झेपत नसेल तर ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि वर सुपर टॉप-अप, हा शहाणा मार्ग आहे. इथे एक शब्द नीट ऐका. टॉप-अप वेगळं, सुपर टॉप-अप वेगळं. समजा ५ लाखांच्या वरचा खर्च देणारी पॉलिसी घेतली आणि एकाच वर्षात चार-चार लाखांची दोन आजारपणं झाली. साधं टॉप-अप प्रत्येक वेळचं बिल वेगळं मोजतं. एकही पाच लाख ओलांडत नाही, म्हणून मिळणार शून्य. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज करतं, आठातून पाच वजा, तीन लाख देतं. हप्त्यातला फरक बघितला तर साधं टॉप-अप घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

एकट्याची घ्यायची की सगळ्या घराची मिळून एक? नवरा-बायको तिशीत, मुलं लहान, तर एकत्र म्हणजे फ्लोटर परवडते. पण त्यात आई-वडिलांना घालू नका. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या वयावर ठरतो, आणि एकाच्या मोठ्या आजारपणात सगळ्यांची रक्कम संपू शकते. आई-वडिलांची पॉलिसी वेगळी, शक्यतो दोघांची दोन. परदेशात राहून इथल्या आई-वडिलांसाठी पॉलिसी काढणाऱ्यांनी आणखी एक करावं: फॉर्म भरताना व्हिडिओ कॉलवर त्यांच्या गोळ्यांचा डबा समोर उघडायला लावावा. "मला काही नाही रे" म्हणणाऱ्या वडिलांच्या डब्यात तीन स्ट्रिपा सापडतात.

पॉलिसी मागच्या पानांपासून वाचा

माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर हसरं कुटुंब असतं. तुम्हाला हवं ते शेवटच्या पानांवर असतं. सगळे नियम वाचणं जमणार नसेल तर ग्राहक माहिती पत्रक मागा. प्रत्येक पॉलिसीबरोबर ते देणं कंपनीला बंधनकारक आहे, आणि मागितलं तर स्थानिक भाषेत, म्हणजे मराठीतही. ते मागणारे फार थोडे.

पहिली गोष्ट, वाट बघण्याची मुदत. पॉलिसी सुरू झाल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून कशालाच पैसे मिळत नाहीत. मग मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मुतखडा, गर्भाशय काढणं, गुडघे बदलणं असल्या ठरावीक उपचारांची यादी असते. त्यांना साधारण दोन वर्षं थांबावं लागतं. तिसरी मुदत आधीपासून असलेल्या आजारांची. शुगर, बीपी, थायरॉइड असेल तर त्यांच्याशी संबंधित उपचारांसाठी जास्तीत जास्त ३६ महिने. २०२४ च्या आधी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन ती वर्षावर किंवा त्याहून खाली आणतात. साठीतल्या माणसासाठी तो जादा हप्ता मला पटतो, पंचविशीतल्या निरोग्याला गरज नाही.

दुसरी, रूम रेंट. वर माझी कथा सांगितलीच. "मर्यादा नाही" किंवा निदान "सिंगल प्रायव्हेट एसी रूम" असं शब्दांत लिहिलेली पॉलिसी घ्या, टक्क्यांत लिहिलेली टाळा. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाच्या (आयआरडीएआय) सांगण्यावरून सगळ्या कंपन्यांनी विकायला ठेवलेली 'आरोग्य संजीवनी' ही प्रमाणित पॉलिसी स्वस्त आणि समजायला सोपी आहे, पण तिच्यात खोलीला विमा रकमेच्या २ टक्के आणि वरची मर्यादा दिवसाला ५,००० अशी अट आहे, शिवाय प्रत्येक क्लेममध्ये ५ टक्के तुम्ही भरायचे. तालुक्याच्या गावी ठीक. मुंबईत अपुरी.

हे "टक्के तुम्ही भरायचे" म्हणजे को-पे. ज्येष्ठांच्या पॉलिसीत तो २० टक्क्यांपर्यंतही दिसतो. पाच लाखांच्या बिलात एक लाख. हप्ता स्वस्त का आहे, याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं. कोकणातल्या किंवा विदर्भातल्या वाचकांनी झोन हा शब्दही शोधावा. रत्नागिरीच्या पत्त्यावर हप्ता मुंबईपेक्षा कमी बसतो, मात्र मोठं आजारपण आलं की आपण गाठतो मुंबईच. काही पॉलिसींत अशा वेळी जादा को-पे लागतो. तेव्हा थोडा जास्त हप्ता भरून वरचा झोन घेतलेला बरा.

तिसरी, आजारवार मर्यादा. मोतीबिंदूला एका डोळ्याचे इतकेच, रोबोटिक शस्त्रक्रियेला इतकेच, अशी कोष्टकं असतात. जितकी कमी तितकं चांगलं. ग्लोव्हज-सिरिंजसारख्या वस्तूंचा खर्च देणारी जोड मिळते, ती स्वस्त असते, घेऊन टाका.

आणि हॉस्पिटल कशाला म्हणायचं याची व्याख्या. हसू येईल, पण ही छोट्या गावात महत्त्वाची आहे. हॉस्पिटलची नर्सिंग होम कायद्याखाली रीतसर नोंदणी हवी. ती नसेल तर चोवीस तास नर्स, स्वतःचं ऑपरेशन थिएटर, आणि दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात निदान १० खाटा, मोठ्या शहरात १५, अशा सगळ्या अटी पुऱ्या कराव्या लागतात. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं असतं. पुढच्या वेळी गेलात की तारीख बघून या.

मग रिस्टोरेशन (संपलेली विमा रक्कम पुन्हा भरून मिळणं), बोनस, फुकट चेकअप, जिमचे पॉइंट. विक्रेता सगळ्यात जास्त वेळ यावर बोलतो. यातला क्लेम न झाल्यास वाढणारा बोनस उपयोगी आहे. बाकीच्यांवर निर्णय घेऊ नका.

फॉर्म: क्लेमचा निकाल इथे लागतो

सांगलीकडच्या माझ्या एका मामांची गोष्ट. एजंट नात्यातलाच. मामांना शुगर, रोज एक गोळी. फॉर्म भरताना एजंट म्हणाला, "मामा, कशाला लिहायचं? गोळी तर अर्धीच आहे तुमची. लिहिलं की हप्ता वाढतो." मधुमेह: नाही. मोबाइलवर ओटीपी आला, मामांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. झाली सही.

दुसऱ्या वर्षी छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली. ॲडमिट करताना निवासी डॉक्टरांनी विचारलं, शुगर किती वर्षं? मामींनी खरं ते सांगितलं, दहा वर्षं. ते केस पेपरवर गेलं. क्लेम नाकारला गेला आणि पॉलिसीही रद्द झाली. एजंटचं कमिशन कधीच जमा झालेलं होतं.

म्हणून फॉर्म स्वतः भरा, किंवा एजंट भरत असेल तर शेजारी बसून प्रत्येक प्रश्न वाचा. ओटीपी म्हणजे तुमची सही आहे, तो फॉर्म पाहिल्याशिवाय सांगू नका. लहानपणीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन, थायरॉइडची २५ मायक्रोग्रॅमची गोळी, एकदाच आलेली फिट, सोनोग्राफीत दिसलेला फॅटी लिव्हर, सगळं लिहा. तंबाखू विचारली असेल तर मिश्रीही त्यातच येते. लिहिल्याने काय होईल? हप्ता थोडा वाढेल, किंवा त्या आजाराला वाट बघावी लागेल, फार तर ही कंपनी नाही म्हणेल. मग दुसरी बघता येते. नाकारलेल्या क्लेमनंतर दुसरी मिळणं फार अवघड जातं.

फॉर्मनंतर बऱ्याचदा कंपनीच्या डॉक्टरांचा फोन येतो. तो रेकॉर्ड होतो. रिक्षात बसून "हो, नाही, नाही" करत उत्तरं देऊ नका. घरी पोचल्यावर करा म्हणून सांगा, ते पुन्हा करतात.

पॉलिसी सलग ६० महिने चालली की माहिती लपवली या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर मात्र येतो. हा नियम चांगला आहे, कारण नकळत राहिलेल्या गोष्टींसाठी त्याचा आधार मिळतो. पण "पाच वर्षं गप्प बसा, मग सगळं माफ" असा त्याचा अर्थ सांगणारे एजंट भेटतात. त्यांच्याकडून काही घेऊ नका.

कोणाकडून घ्यायची?

ऑनलाइन तुलना करणाऱ्या साइटवर एकदा नंबर टाकला की पुढचे पंधरा दिवस फोन थांबत नाही. त्यासाठी वेगळा नंबर असेल तर उत्तम. बँकेत लॉकर किंवा कर्ज मागायला गेलात आणि तिथल्या तिथे पॉलिसी पुढे आली, तर नम्रपणे "घरी विचारून सांगतो" म्हणा. कर्जासाठी त्याच बँकेची पॉलिसी घेणं सक्तीचं नसतं.

चांगला एजंट मिळाला तर मी एजंटच्याच बाजूने आहे. ओळखायचा कसा? त्याला विचारा, गेल्या वर्षी तुमच्या किती लोकांचे क्लेम झाले आणि त्यातला एखादा अडकला होता का. ज्याच्याकडे अडकलेल्या क्लेमची गोष्ट आहे, तो हॉस्पिटलात येऊन उभा राहिलेला माणूस असतो.

जाहिरातीतल्या ९५-९८ टक्के क्लेम मंजुरीच्या आकड्याला फार भुलू नका. माझा १,९१,००० चा क्लेम १,२९,००० ला निघाला, तोही त्या आकड्यात "मंजूर"च धरला जातो.

हप्त्याचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. कोणी जुन्या कोष्टकावरून कराची ओळ दाखवत असेल तर विचारा. प्राप्तिकराची वजावट, स्वतःसाठी २५,००० पर्यंत आणि साठीपुढच्या आई-वडिलांसाठी ५०,००० पर्यंत, फक्त जुन्या करपद्धतीत मिळते, आणि हप्ता रोख भरलेला चालत नाही.

कागद हातात आले, आता ३० दिवस

पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. तेवढ्या दिवसांचा हप्ता, तपासणी आणि स्टॅम्प ड्युटी कापून पैसे मिळतात. या मुदतीत एक संध्याकाळ काढा. नाव आधारप्रमाणेच आहे का, जन्मतारीख बरोबर का, वारस लिहिला आहे का. तुम्ही फॉर्मवर लिहिलेला आजार पॉलिसीत दिसतो का, हे सर्वांत महत्त्वाचं. दिसत नसेल तर ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

त्याच आठवड्यात घराजवळच्या दोन हॉस्पिटलांच्या कॅशलेस डेस्कला जाऊन या. कॅशलेस म्हणजे कंपनी बिल थेट हॉस्पिटलला भरते. ॲपवरच्या यादीवर विसंबू नका. प्रश्न नेमका विचारा, "या कंपनीचं कॅशलेस सध्या चालू आहे का?" यादीत नाव असतं आणि दरांवरून भांडण झाल्यामुळे सेवा बंद असते, असं होतं. यादीबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस मागता येतं, ठरलेल्या ऑपरेशनाआधी ४८ तास कंपनीला कळवायचं, पण ते मिळेलच असं धरून चालू नका.

ॲडमिट व्हायची वेळ आली तर

पॉलिसीचं कार्ड, आधार, पॅन आणि जुनी फाइल. खोली निवडण्याआधी पॉलिसीतली अट. मी यापेक्षा जास्त सांगायला नको.

कॅशलेसच्या पहिल्या अर्जावर कंपनीने एका तासात उत्तर द्यायचं, आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत, असा नियम आहे. प्रत्यक्षात हॉस्पिटलाकडूनच बिल पाठवायला दुपार होते, म्हणून आदल्या संध्याकाळीच डेस्कवर आठवण करा. केस पेपरवर तुमच्या आजाराचा इतिहास लिहिला जातो तेव्हा कान देऊन ऐका. दोन वर्षांची शुगर "बारा वर्षं" अशी ऐकली गेली, तर तो एक आकडा निस्तरायला महिनोन्महिने लागतात. चूक दिसली तर डॉक्टरांना तिथेच दाखवून त्यांच्या सहीने दुरुस्त करून घ्या.

पैसे आधी भरून नंतर मागायचे असतील तर डिस्चार्ज कार्ड, सविस्तर बिल, पावत्या, रिपोर्ट सगळं मूळ प्रतीत लागतं. देण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो. ॲडमिट होण्याआधीच्या ३० किंवा ६० दिवसांतली आणि नंतरच्या ६० ते १८० दिवसांतली औषधं-तपासण्याही मागता येतात. मेडिकलवाल्याकडून नावाचं बिल घ्यायला लोक विसरतात आणि हे पैसे सोडून देतात.

नाकारलं तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, सोबत नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवर नोंद. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांची तक्रार चालते, फी नाही, वकील लागत नाही. मामांना तिथे जाऊन उपयोग नव्हता. फॉर्मवर "नाही" लिहिलेलं होतं.

नूतनीकरण आणि बदल

कंपनी आवडली नाही तर बदलता येते, पोर्टिंग म्हणतात. नूतनीकरणाच्या निदान ४५ दिवस आधी अर्ज करायचा. जुन्या पॉलिसीत काढलेली वाट बघण्याची वर्षं सोबत येतात, पण जुन्या विमा रकमेपुरतीच. तीनाचे दहा लाख केले तर वरच्या सातांसाठी मुदत नव्याने मोजली जाते. आईची पॉलिसी मी अशीच हलवली, रूम रेंटची मर्यादा नसलेल्या कंपनीत. नवी कंपनी नाही म्हणू शकते, म्हणून होकार हातात येईपर्यंत जुनी सोडू नका.

वर्षाचा हप्ता चुकला तर ३० दिवसांची सवलत असते. तेवढ्यात भरला तर मागची वर्षं वाया जात नाहीत, मात्र मधल्या दिवसांत झालेल्या आजारपणाचे पैसे मिळत नाहीत. आईच्या पॉलिसीची तारीख ९ मे आहे. फ्रिजशेजारच्या कालनिर्णयवर तिने एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याला लाल गोल केला आहे, गॅस सिलिंडरच्या नोंदीच्या खाली.